मावशी कॅनडात, कागद तालुक्यात: बसस्टँडमागच्या सेवा केंद्राबद्दल

पाचपैकी चार तारे.

वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग. मुलगी नागपूरला स्टाफ नर्स. तिनं न् जावयानं कॅनडात कायमचं राहायला जायचं ठरवलं: एक्सप्रेस एंट्री या तिथल्या ऑनलाइन अर्जपद्धतीतून, फेडरल स्किल्ड वर्कर म्हणजे कुशल कामगारांच्या योजनेत. नागपुरातला एक एजंट म्हणाला, "पोरीची मावशी कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे ना? मग झालंच समजा." त्याची फी ऐकून बायको मला म्हणाली, "काहून, बाग इकता का आता?"

म्हणून कागदांपुरतं या केंद्रात गेलो. पोरगा तिशीतला. पहिल्यांदाच सांगून मोकळा झाला, "काका, अर्जाचा सल्ला देऊन पैसे घ्यायला कॅनडाचा परवाना लागते, तो मायाजवळ नाही. मी कागद जमवून देतो." मग तिथल्या सरकारची वेबसाइटच उघडून माझ्यासमोर ठेवली.

पात्रतेला 100 पैकी 67 गुण. कॅनडात राहणारा, 18 वर्षांवरचा, नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असलेला नातेवाईक असला तर त्यातले 5 मिळतात, मग तो नवऱ्याकडचा असो की बायकोकडचा. मावशी चालते. जावयाचा चुलतभाऊ कॅलगरीत आहे, तो बाद. पुढं निवडीसाठी सीआरएस या वेगळ्या गुणांची जी चढाओढ असते, तिच्यात मावशीचे शून्य. तिथं भाऊ किंवा बहीण असली तरच 15 गुण, तेही 2017 पासून. एजंटनं यातलं अक्षर काढलं नव्हतं.

खरं काम नातं सिद्ध करण्याचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे, पण आई आणि मावशीचे मायबाप एकच, हे दाखवायचं कशानं? दोघी घरीच जन्मल्या. त्यानं तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढायला लावली. नोंदीत सासऱ्याचं नाव, तारीख आणि पुढं नुसतं 'मुलगी'. म्हणून दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले जोडले, नावं बदलली म्हणून लग्नाची प्रमाणपत्रं, वर प्रतिज्ञापत्र, आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. मावशीकडून पीआर कार्ड आणि राहत्या घराचं वीजबिल मागवलं. निवड होऊन अर्जाचं निमंत्रण आलं की 60 दिवसांत सगळं अपलोड करावं लागतं. तेव्हा रेकॉर्ड रूमचे हेलपाटे कोण घालणार?

मी ऐटीत सातबाराही नेला होता. तो हसला. तिथं जाऊन राहायला पुरेसा पैसा आहे हे दाखवावं लागतं; जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, मावशीकडून उसने घेतलेले पैसेही नाही. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दिसावी लागते. म्हणून मृग बहाराचे पैसे आले तसे पोरीच्या खात्यात टाकले आणि दानपत्र करून दिलं. एरवी मी ते बागेच्या पाइपलाइनमध्ये घातले असते.

एक तारा भाषांतरासाठी कापला. मावशीच्या सासरचं आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं टाइप केलं होतं. बोट ठेवल्यावर फुकट दुरुस्त करून दिलं, पण नजर माझी होती म्हणून सापडलं. स्वतः वाचल्याशिवाय नोटरीकडे जाऊ नका.

जायचं तर सकाळी जा. दुपारी पीकविम्यावाल्यांची गर्दी असते, आणि लाइन गेली की स्कॅनर बंद.