केमोच्या काळात पथ्य की पोषण? बडोद्याच्या एका घरातून तीन वाटांची तुलना

सासूबाईंच्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट आला, कर्करोग निघाला, त्या आठवड्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मदतीचा पूर आला. शेजारच्या बेन गुळवेलीच्या काड्या घेऊन आल्या; इथे तिला गळो म्हणतात. दिरांनी हळदीच्या कॅप्सूल आणि गव्हांकुराची पावडर पाठवली. नणंदेने एक यादी छापून आणली: साखर बंद, दूध बंद, गहू बंद, रस भरपूर. सगळेच जीव तुटून सांगत होते, त्यामुळे नाही तरी कुणाला म्हणायचं? मी डॉक्टर नाही. पण केमोथेरपीच्या, म्हणजे कर्करोगाच्या औषधांच्या, आठही डोसांना मी सासूबाईंच्या, आमच्या आईंच्या, शेजारी बसले आणि घरचं स्वयंपाकघर माझ्या हातात होतं. तुम्ही आज त्याच वळणावर उभे असाल तर आमचा अनुभव आणि नंतर वाचून, विचारून कळलेलं तुमच्या कामी यावं.

तुमच्यासमोर तीन वाटा असतील. दवाखान्याचे उपचार सोडून फक्त आहार आणि झाडपाला. किंवा उपचार चालू ठेवून घरात गुपचूप काढे आणि पुड्या. किंवा उपचारांच्या जोडीला आहारतज्ज्ञ, योग, प्राणायाम, जे काही असेल ते डॉक्टरांच्या कानावर घालून.

पहिल्या वाटेबद्दल फार लिहावं लागत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूर न पसरलेला, म्हणजे बरा होण्याजोगा कर्करोग असूनही त्यांनी नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेतले होते. उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून जास्त. त्याच वर्षी त्याच गटाने नेहमीच्या उपचारांसोबत पूरक उपचारही घेणाऱ्या रुग्णांकडे पाहिलं. त्यांचा धोका दुप्पट निघाला, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशनपैकी काहीतरी नाकारलं होतं. नुकसान झालं ते नाकारण्यामुळे.

‘केमो म्हणजे विष, वनस्पती निसर्गाची’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या गच्चीवरच्या कुंडीत सदाफुली आहे. तिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध निघतं, आणि ते एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. वनस्पतीत ताकद आहे हे डॉक्टरही मानतात, म्हणून तर ती मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पानं वाटून किती पोटात गेलं हे कोण मोजणार?

दुसरी वाट आम्ही चाललो. काढ्याने काय बिघडणार, असं मलाही वाटलं होतं. पहिल्या केमोपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि जेवणानंतर हळदीची कॅप्सूल सुरू झाली. तिसऱ्या केमोआधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारा आकडा, बराच वाढलेला. केमो दोन आठवडे पुढे ढकलली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “घरी आणखी काय चालू आहे?” आई माझ्याकडे बघायला लागल्या. काढा आणि कॅप्सूल थांबवल्यावर आकडा उतरला. तो काढ्यानेच चढला होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण केमोनेही यकृतावर ताण येतो. पण गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. आणि दोन्ही एकत्र चालू असली की दोष कुणाचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, ही या वाटेची खरी अडचण.

हळदीचंही तसंच. वरणात, भाजीत घालतो ती हळद खुशाल खावी. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो आणि तो रक्तात उतरावा म्हणून मिऱ्याचा अर्कही घालतात. टॅमोक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये २०१९ साली एक छोटा अभ्यास झाला. अशा हळदीने त्या औषधाचं रक्तातलं प्रभावी रूप कमी झालेलं दिसलं. स्तनाचा कर्करोग झालेल्या कितीतरी जणी पुढे पाच-दहा वर्षं टॅमोक्सिफेन घेतात, म्हणून हे आवर्जून सांगते. अँटिऑक्सिडंटच्या (व्हिटॅमिन सी, ई वगैरे) गोळ्याही केमो चालू असताना मनाने घेऊ नयेत. जेवणातली फळं-भाज्या वेगळ्या.

आता तिसरी वाट, आणि इथे मला ‘पथ्य’ या शब्दाशीच भांडायचं आहे. आपल्याकडे आजारी माणसाचं पथ्य म्हणजे काय काय खायचं नाही याची यादी. मऊ भात, वरणाचं पाणी, दुधी, रस. नणंदेच्या यादीप्रमाणे आईंनी दीड महिना काढला आणि वजन ५२ वरून ४७ किलोवर आलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. एके दिवशी अंघोळीनंतर त्यांच्या हातातली बांगडी आपोआप निघून बादलीत पडली, तेव्हा मी घाबरले.

मग आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बडोद्यात हे सोपं आहे, सयाजीराव विद्यापीठात पोषणशास्त्राचा जुना विभाग असल्याने शहरात शिकलेल्या आहारतज्ज्ञ बऱ्याच आहेत. त्यांनी आधी यादी बाजूला ठेवली आणि वजनकाटा पुढे ओढला. कर्करोगाच्या रुग्णाला किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या बाईला १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. आमचा हिशेब केला तर प्रथिनं २० ग्रॅमही भरत नव्हती.

मी साखरेचं विचारलं. त्या म्हणाल्या, गाठीतल्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं आहे, पेट स्कॅन (PET, कर्करोग शरीरात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) त्याच गुणावर चालतो. पण साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. शरीर स्नायू वितळवून ग्लुकोज तयार करतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे साखर सांभाळावीच लागते. आईंना मधुमेह नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी किती दिवसांनी चहात साखर घेतली.

मग ताट असं झालं: दोन वेळा दूध, दोन वाट्या घट्ट वरण, ५० ग्रॅम पनीर, चार पोळ्या, दही आणि मूठभर दाण्यांचा लाडू. एवढ्यात साधारण ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं होतात, अंडं न खाणाऱ्या घरातही. पण एका बैठकीला जात नाही. दर दोन तासांनी चार घास, आणि मळमळेल तेव्हा गार पदार्थ, कारण गरम अन्नाचा वास सहन होत नाही. तोंडाला धातूची चव यायची तेव्हा लिंबू किंवा कोकम. एकदा आई म्हणाल्या, “अगं, मला सेव-उसळ खायची आहे.” गाडीवरची आणणं शक्य नव्हतं, म्हणून घरीच वाटाण्याची उसळ कमी तिखट केली आणि वर शेव घातली. दोन वाट्या गेल्या. वाटाणा आहेच प्रथिनांचा.

उलटीसाठी डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत आलं चालतं. अमेरिकेतल्या ५७६ रुग्णांच्या चाचणीत गोळ्यांच्या जोडीला अर्धा ते एक ग्रॅम आल्याने केमोच्या पहिल्या दिवशीची मळमळ कमी झाली. योगासनं आणि प्राणायाम थकवा, झोप आणि धास्ती यांसाठी उपयोगी पडतात, गाठीसाठी म्हणून करू नयेत. आई खुर्चीत बसून करायच्या.

सकाळी कमाटी बागेबाहेर मिळतात तसल्या गव्हांकुराच्या, कारल्याच्या कच्च्या रसांना मी केमोच्या काळात नाहीच म्हणेन. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि न शिजवलेल्या रसातला जंतू तेव्हा महागात पडतो. धुऊन सोललेलं केळं, संत्रं चालेल. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्री दोन वाजले तरी दवाखाना गाठायचा, काढा करत बसायचं नाही.

पैशाचंही बोलते. वाघोडिया तालुक्यातल्या गोरजचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल असो की अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, आयुष्मान कार्ड कुठल्या उपचाराला चालतं ते तिथे आधी विचारून घ्या. पावडर आणि कॅप्सूलचा खर्च मात्र खिशातूनच जातो, आणि त्या महिन्याच्या पैशांत आमचं पनीर, दाणे आणि आहारतज्ज्ञांची फी सगळं निघालं.

आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर ती सोडा असं मी म्हणत नाही. वैद्यांकडे जायचं तर केमोचा कागद घेऊन जा, आणि त्यांनी दिलेलं औषध कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. आम्ही पुढच्या भेटीला घरातली प्रत्येक बाटली, पुडी, कॅप्सूल एका कापडी पिशवीत घालून नेली आणि टेबलावर रिकामी केली. डॉक्टर रागावले नाहीत. एकेक वस्तू उचलून वाचली, चार बाजूला काढल्या आणि आल्याच्या वड्यांचा डबा आईंच्या हातात परत दिला. आठव्या केमोला काट्यावर ४९ किलो होते.