नैरोबीत उपकंपनी उभी करून देणारी सल्लासेवा : कुपवाडच्या ब्लोअर उत्पादकाचा अभिप्राय

द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर तयार करणारे कारखाने सांगली जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. आमचा कुपवाड एमआयडीसीतील कारखाना त्यांपैकीच एक, आणि आमचा माल काही वर्षांपासून केनियातही जातो. मात्र केवळ डीलरच्या भरवशावर चालणारी निर्यात एका मर्यादेपुढे सरकत नाही. ऐन हंगामात पंपाचा डायफ्राम फाटला तर शेतकऱ्याला तो दुसऱ्या दिवशी हवा असतो, आणि न्हावाशेवाहून मोंबासाला निघालेला कंटेनर त्यासाठी धावून येत नाही. त्यामुळे नैरोबीत स्वतःची कंपनी, सुट्या भागांचे छोटे गोदाम आणि दोन मेकॅनिक अशी व्यवस्था करण्याचे आम्ही ठरवले व त्यासाठी पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

कंपनी नोंदणीचे काम संस्थेने नेटके केले, पण त्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. केनियात ही नोंदणी ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरून होते आणि आमच्यासारख्या व्यवसायात परदेशी भागधारकाला शंभर टक्के मालकी ठेवता येते. संचालकांचे केआरए पिन, म्हणजे तिथल्या कर खात्याचे क्रमांक, मिळवताना थोडी दगदग होते, ती संस्थेने आमच्यापर्यंत येऊ दिली नाही, एवढेच.

संस्थेची खरी किंमत नोंदणीनंतर कळली. व्हॅटचे विवरणपत्र पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आणि नोकरांच्या पगारातून कापलेल्या कराचे 9 तारखेपर्यंत भरावे लागते, विक्री शून्य असली तरी व्हॅटचे विवरणपत्र चुकत नाही, आणि 2024 पासून ई-टिम्स या इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे बिल नसेल तर झालेला खर्च करासाठी सहसा धरला जात नाही. गोदामाचे भाडे असो वा किरकोळ वेल्डिंगचे काम, समोरच्याकडून ई-टिम्सचे बिल घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ही शिस्त संस्थेच्या नैरोबीतील लेखापालाने आमच्या माणसांना पहिल्याच महिन्यात लावली. ग्राहकांकडून पैसे घेण्यासाठी एम-पेसा या मोबाइल पेमेंट सेवेचा टिल क्रमांक, म्हणजे विक्रेत्याचा खाते क्रमांकही त्यानेच मिळवून दिला. तिथला लहान शेतकरी धनादेश देत नाही, मोबाइलवरूनच पैसे भरतो, आणि ही सोय नसती तर सुट्या भागांची निम्मी विक्री उधारीच्या वहीत अडकली असती.

सर्वांत उपयोगी ठरला तो बाजारपेठेच्या पाहणीचा भाग, जो आम्ही करारातून वगळण्याच्या बेतात होतो. संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी पूर्वी शेती अवजारांच्या दुकानात काम केलेला होता. त्याने आम्हाला थिका परिसरातील अॅव्होकॅडोच्या बागेत नेऊन आमचाच ब्लोअर ट्रॅक्टरमागे चालवून दाखवला. मांडवावरच्या द्राक्षवेलीसाठी बसवलेल्या नोझलच्या रचनेतून निघणारा फवारा त्या उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत पोहोचतच नव्हता. खालची पाने निथळत होती आणि वरची कोरडी. तिथे ब्लोअरपेक्षा लांब होज आणि गन असलेला एचटीपी, म्हणजे जास्त दाबाने फवारणारा पंप अधिक खपेल, हे त्याने बागमालकासमोरच सांगितले. विकणाऱ्याला न रुचणारे बोलणारा सल्लागार क्वचित भेटतो. पहिल्या कंटेनरमधील मालाचे प्रमाण आम्ही त्यानुसार बदलले, आणि केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियमानुसार माल चढवण्यापूर्वी घ्यावे लागणारे अनुरूपतेचे प्रमाणपत्रही त्याच यादीप्रमाणे घेतले.

असाच प्रामाणिकपणा परवान्याच्या बाबतीतही दिसला. आमच्या एका भागीदाराने तिकडे जाऊन राहावे असा विचार होता, परंतु गुंतवणूकदारासाठीच्या जी वर्गाच्या परवान्याला किमान 1,00,000 अमेरिकी डॉलरचे भांडवल दाखवावे लागते, तेवढे पैसे अडकवण्याऐवजी स्थानिक व्यवस्थापक नेमा, असे संस्थेने स्पष्ट सुचवले. परवान्याची फी त्यांना सहज लावता आली असती.

असे असूनही वार्षिक पॅकेजमध्ये कंपनी सेक्रेटरीची फी त्यांनी बिनबोभाट घातली होती. केनियाच्या 2015 च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीचे भरणा भांडवल 50 लाख शिलिंगांपेक्षा कमी असेल तर सेक्रेटरी नेमणे बंधनकारक नाही, आणि आमचे भांडवल त्याच्या बरेच खाली होते. विचारणा केल्यावर फी वगळली गेली, पण विचारेपर्यंत कोणी बोलले नाही, हे खटकले.

भारतातील बाजू ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू आहे. परदेशी गुंतवणुकीचे 22 ऑगस्ट 2022 पासूनचे नियम पाहता, उपकंपनीत भांडवल पाठवण्यापूर्वी बँकेमार्फत फॉर्म एफसी देऊन रिझर्व्ह बँकेचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि नंतर दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. संस्थेने याबाबत एक पानी यादी पाठवून हात झटकले. आमच्या बँकेच्या शाखेलाही हा प्रकार नवा होता, त्यामुळे फाइल सांगली ते मुंबई अशी फिरत राहिली, आणि अखेर सगळी कागदपत्रे आमच्या सांगलीच्या सीएंनी बसवली. स्वतःच्याच उपकंपनीला ब्लोअर कोणत्या दराने बिल करायचा यावर ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे संबंधित कंपन्यांमधील व्यवहार बाजारभावाला धरून व्हावेत यासाठीचे करनियम लागू होतात, हेदेखील त्यांनीच पहिल्यांदा निदर्शनास आणले. वास्तविक हा मुद्दा कोणत्याही निर्यातदाराला पहिल्याच बैठकीत सांगायला हवा.

फी टप्प्याटप्प्याने घेतली जाते, ही पद्धत चांगली आहे. मात्र शेवटचा हप्ता कंपनी नोंदणीला न जोडता बँक खाते चालू होण्याला आणि पहिले व्हॅट विवरणपत्र भरण्याला जोडून घ्यावा. आम्ही तसे लिहून मागितले आणि संस्थेने फारशी खळखळ न करता मान्य केले. वर्षाला एखादाच कंटेनर पाठवणाऱ्या कारखानदाराला या सेवेचा वार्षिक खर्च परवडणार नाही, त्याने डीलरकडेच सुट्या भागांचा साठा स्वतःच्या खर्चाने ठेवावा. आम्ही पुढील वर्षाचा करार केला आहे, तो केवळ नैरोबीतील हिशेब, कर आणि पगाराच्या कामापुरता; भारतातील कागदपत्रे सीएंकडेच राहतील.