लसीसाठी प्रतिजन शोधायचा: जीनोममधून की जिवाणूच्या आवरणातून?

प्रतिजन म्हणजे जिवाणूचा तो भाग, ज्याविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवतं. तो शोधताना पहिला प्रश्न जीनोमचा, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएचा, नाहीच. जिवाणूभोवती शर्करेचं कवच आहे का, आणि ते लसीत चालतं का, हे आधी बघा. चालत असेल तर तोच रस्ता धरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनफाइव्ह ही मेंदूज्वराची लस अशा प्रथिनाला जोडलेल्या शर्करांवरच उभी आहे. मेंदूज्वर आणणाऱ्या मेनिन्गोकॉकस जिवाणूच्या बी गटाची अडचण वेगळी. त्याचं कवच आपल्याच चेतापेशींवरच्या पॉलिसायलिक आम्ल या शर्करेसारखं, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही. इथे प्रथिनंच शोधावी लागली, तीही दोन निरनिराळ्या गटांनी दोन निरनिराळ्या वाटांनी.

जीनोमची वाट: बी गटाच्या एमसी58 या वाणाचा डीएनए-क्रम वाचून पृष्ठभागावर असू शकतील अशी प्रथिनं संगणकाने निवडली. त्यातली 350 ई. कोलाय या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या जिवाणूमध्ये बनवून, शुद्ध करून उंदरांना टोचली (निष्कर्ष 2000 साली आले). जिवाणू मारणारे प्रतिपिंड मिळाले ते तीसेक प्रथिनांविरुद्ध. त्यातली तीन, सोबत न्यूझीलंडच्या वाणाच्या बाह्यपटलाचे कण, अशी लस 2013 मध्ये युरोपात मंजूर झाली.

जुनी वाट: बाह्यपटल डिटर्जंटने विरघळवा, अंश वेगळे करा, प्रत्येक अंश उंदरांना टोचा आणि ज्याचं सीरम जिवाणू मारतं त्याचेच पुन्हा तुकडे करा. यातून एकच लिपोप्रथिन (मेदाची शेपटी जोडलेलं प्रथिन) हाती लागलं. त्याची दोन रूपं, प्रत्येकी 60 मायक्रोग्रॅम, घेऊन केलेली लस अमेरिकेत 2014 मध्ये आली. गंमत म्हणजे ते प्रथिन, एफएचबीपी, जीनोमवाल्यांच्या तीन प्रथिनांपैकीही एक आहे.

मग निवडायचं काय? जुन्या वाटेला कल्चर, म्हणजे माध्यमात वाढवलेले जिवाणू, भरपूर लागतं, आणि त्या माध्यमात जिवाणू जे बनवतो तेवढंच दिसतं. लोह तुटलं की चालू होणारी जनुकं साध्या माध्यमात निसटतात. म्हणून एक कल्चर डेस्फेरिऑक्सामिन हे लोह बांधून ठेवणारं द्रव्य घालून वाढवाच. जीनोमच्या वाटेत काहीच निसटत नाही असं वाटतं, पण जनुकाचा सुरुवातीचा कोडॉन (प्रथिन जिथून सुरू होतं ती तीन अक्षरं) चुकीचा नोंदला असेल तर सिग्नलपी या संगणक-प्रणालीला संकेत-पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा सुरुवातीचा तुकडा, दिसत नाही आणि चांगला उमेदवार यादीबाहेर जातो. जवळच्या वाणांतल्या त्याच जनुकाची सुरुवात ताडून पाहा. पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं ई. कोलायमध्ये बहुधा गुठळ्या होऊन बसतात. खरी गळती तिथेच होते.

एकाच जीनोमवर विसंबू नका. गट बी स्ट्रेप्टोकॉकसच्या आठ जीनोममधून निघालेल्या चार उपयुक्त प्रतिजनांपैकी तीन सगळ्या वाणांत नव्हतेच.

प्रथिनं शुद्ध करायची क्षमता वर्षाला वीस-पंचवीस असेल, तर आधी अख्ख्या पेशींवर थोडा वेळ ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर चालवून सुटलेले पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानावरून तुकडे ओळखणाऱ्या यंत्रावर) बघा आणि जीनोमच्या यादीशी जुळतात तेवढेच घ्या. रायबोसोमची, म्हणजे पेशीच्या आतली, प्रथिनं ढिगाने दिसली तर पेशी फुटल्यात. तो नमुना टाकून द्या.

मेनिन्गोकॉकस बीसाठी सीरम जिवाणू मारतं का हे पाहण्याच्या चाचणीत सशाचं कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांच्या मदतीने जिवाणू मारणारी रक्तातली प्रथिनं) वापरू नका. एफएचबीपी माणसाचाच फॅक्टर एच, म्हणजे कॉम्प्लिमेंटला आवरणारं प्रथिन, धरतं. सशाच्या सीरममध्ये जिवाणूला ती ढाल मिळत नाही आणि टायटर, म्हणजे प्रतिपिंडांच्या ताकदीचा आकडा, फुगून दिसतो.