टीव्ही एकदम चपटा, पण मागं पिन खोसायला बोट जात नाही

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येणार म्हणून जुना टीव्ही काढला आणि जळगावहून 43 इंची फोरके टीव्ही अमळनेरला आणला. चित्र झकास आहे, त्यावर बोलणारे यूट्यूबवर ढिगानं आहेत, मी लिहितोय ते फक्त मागच्या बाजूबद्दल, कारण ती बाजू घेताना कोणी बघतच नाही. दुकानात सगळे टीव्ही भिंतीला टांगलेले, समोरून बघायचं, रिमोट दाबायचा आणि बिल करायचं. मी विचारलं होतं बरं का, मागं काय काय आहे म्हणून, तर पोरगा म्हणे "सगळं आहे काका, तीन एचडीएमआय, दोन यूएसबी." एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीनं नेणारं भोक. आहेत ना, मोजायला आहेत.

आता गंमत बघा. वरचा अर्धा टीव्ही मोबाईलएवढा पातळ आणि खाली पोट सुटल्यासारखा फुगवटा, सगळी भोकं त्या फुगवट्यात. तीनपैकी एकच एचडीएमआय बाजूला तोंड करून आहे, उरलेली दोन सरळ भिंतीकडे. फिटिंगवाला आला, ड्रिल मारली, सोबत आलेल्या पट्टीवर टीव्ही टांगला आणि मग म्हणतो सेटटॉपची वायर द्या. भिंत आणि टीव्हीच्या मधे माझी दोन बोटं कशीबशी जातात, पिनच अंगठ्याएवढी लांब, वायर जाड, ती वळणार कशी? तो दाबायलाच लागला होता, मीच थांबवलं. ते सॉकेट आतल्या बोर्डाला डाखलेलं असतं, वायरीचा ताण सतत पडत राहिला की डाख सुटतो, मग पिन हलवली की चित्र जातं आणि मेकॅनिक बोर्डच बदला म्हणतो. शेवटी टीव्ही खाली उतरवून वायरी आधी लावल्या आणि मग परत टांगला. पंचेचाळीस डिग्रीत, पंखा बंद करून, कारण टीव्ही धरायला चौघं आणि शिडी बरोबर पंख्याखाली.

दुसरा घोळ आवाजाचा. बहिणीनं साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) आणला, चित्र टीव्हीवर आणि आवाज मात्र टीव्हीच्याच पिपाणीतून, साउंडबार मुका. तासभर सेटिंगमधे फिरलो, मग टॉर्च मारून पाहिलं तर एचडीएमआय दोनच्या बाजूला बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं, आणि त्याच भोकात फिटिंगवाल्यानं सेटटॉप खोसलेला. टीव्हीचा आवाज उलटा बाहेर पाठवायचं काम तीनपैकी फक्त ते एकच भोक करतं, साउंडबार त्यातच लागतो, बाकीच्यात कितीही लावा, उपयोग नाही. ईएआरसी, म्हणजे त्याचाच पुढचा प्रकार, असेल तर अॅटमॉस वगैरे (चारी बाजूंनी घुमणारा आवाज) पूर्ण ताकदीनं जातं, माझ्यात साधं एआरसी आहे, आमच्या हॉलला तेवढं पुरे. पण हे भोक नेमकं भिंतीकडचं! बाजूचं ठेवायला काय झालं होतं?

आईचा वेगळाच विषय. तिचा डीडी फ्री डिशचा जुना डबा, त्याला फक्त लाल-पांढरी-पिवळी वायर, आणि नवीन टीव्हीला ती तीन भोकंच नाहीत. आई मागं वाकून म्हणे, "आठे ते भोकच नही रे भाऊ!" भोक आहे, पण हेडफोनएवढं एकच, त्यात एक छोटी जोडवायर लावायची आणि तिच्या टोकाला तिन्ही पिना. ती जोडवायर खोक्यात नव्हती. घरात जुन्या कॅमेऱ्याची तशीच दिसणारी पडली होती ती लावली तर चित्राच्या जागी नुसती घरघर, कारण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. म्हणून त्याच मॉडेलची मागून घ्या, दिसायला सारखी म्हणून घेऊ नका.

ऑप्टिकल भोक (उजेडावाटे आवाज बाहेर देणारं) मात्र चांगलं आहे, खाली तोंड करून, आतून लाल उजेड दिसतो. अण्णांचा जुना होम थिएटर त्याच्यावर चालवला, मधे एक छोटा कन्व्हर्टर डबा लागला आणि टीव्हीच्या सेटिंगमधे आवाज पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या प्रकारावर) करावा लागला. आधी अर्धा तास आवाजच येईना, मी कन्व्हर्टरला शिव्या घालतोय आणि नवीन वायरीच्या टोकावरचं प्लास्टिकचं टोपण काढायचंच राहिलेलं. ही चूक माझी, लिहून टाकतो.

यूएसबी दोन्ही 2.0 वाल्या. पेनड्राइव्ह मस्त चालतो, पण भाच्याच्या लग्नाची हार्डडिस्क लावली तर नुसती टकटक करते, उठतच नाही. अशा भोकातून 500 मिलीअँपिअरच करंट मिळतो, फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त लागतो. अॅडॅप्टरवाला हब (वेगळी वीज घेणारा यूएसबीचा जोडडबा) लावला तशी उठली. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेणाऱ्यांनी हेही बघा, पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसतच नाही. लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचं, भोक 100 एमबीपीएसचं, आकडा ऐकून नाक मुरडू नका, नेटवरच्या फोरके पिक्चरला त्याच्या पाव भागात भागतं.

अजून एक, आपल्याकडं जूनच्या तोंडाला वादळ येतं ते केळी आडवी करून जातं, तेव्हा नुसतं स्विच बंद करून भागत नाही, छतावरच्या डिशची वायर डब्यातून काढा. वीज त्या वायरीनं आत येते आणि डब्यातून एचडीएमआयमार्गे टीव्हीपर्यंत पोचते. शेजारी गेल्या वर्षी हेच झालं, टीव्ही चालू पण एचडीएमआय मेलेलं.

घ्यावा का? चित्रासाठी घ्या, पण हातवाली, बाहेर ओढता येणारी पट्टी आधीच सांगून ठेवा आणि दुकानात मोबाईलचा कॅमेरा टीव्हीच्या मागं घालून फोटो काढा, पोरगा हसला तर हसू द्या. मी पट्टी न बदलता काटकोनी एचडीएमआय जोड मागवला, त्यात खाली वळणारा आणि वर वळणारा असे दोन प्रकार असतात हे मला आधी माहीत नव्हतं. मला आला वर वळणारा, तो शेजारचं भोक झाकतो. बदलून मागवलाय, तोवर आईचा फ्री डिश जुन्या टीव्हीवर, स्वयंपाकघरात.