वार्षिक टोल पासच्या नावाखाली सोलापुरात झालेली फसवणूक

राष्ट्रीय महामार्गांवरील खासगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगवर वार्षिक पासची सोय सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ बनावट पास विकणारी संकेतस्थळेही आली. अशाच एका संकेतस्थळाने जुळे सोलापूर येथे राहणाऱ्या माझ्या काकांना फसवले. काकूंच्या उपचारांसाठी त्यांना वरचेवर पुण्याला जावे लागते आणि प्रत्येक खेपेला सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी व पाटस येथील टोल भरावा लागतो. उपचारांच्या खर्चात तेवढीच बचत होईल, या विचाराने त्यांनी पास काढायचे ठरवले होते. अशा घरातून पैसे लुबाडले गेले याची चीड अजूनही मनातून जात नाही.

काकांनी मोबाइलवर वार्षिक पासचा शोध घेतला, तेव्हा सर्वांत वर जे संकेतस्थळ दिसले ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. पान उघडताच तिरंग्याच्या रंगांची पट्टी, महामार्गाचे छायाचित्र आणि गाडीचा क्रमांक भरण्याची चौकट दिसली. क्रमांक भरल्याबरोबर गाडीची कंपनी, मॉडेल आणि मालकाच्या नावाची काही अक्षरे पडद्यावर आली, आणि काकांचा विश्वास बसला तो नेमका इथे. आपली माहिती सरकारकडेच असणार, तेव्हा हे संकेतस्थळही सरकारीच असणार, असे कोणालाही वाटेल; पण गाडीच्या क्रमांकावरून एवढी माहिती दाखवणारी खासगी ॲप कितीतरी आहेत, आणि ठगांनाही ती सहज मिळते. त्यानंतर ३,००० रुपयांचा क्यूआर कोड आला. तो स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याच्या जागी एखाद्या सरकारी संस्थेचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते. पैसे जाताच गाडीच्या क्रमांकासह पावती आली आणि तिच्यावर ‘ग्राहक सेवा’ म्हणून एक मोबाइल क्रमांक छापलेला होता.

त्या पानावर दोन आश्वासने अशी होती की पासचे नियम माहीत असलेल्या माणसाने ती वाचताच पान बंद केले असते. पहिले आश्वासन वर्षभर अमर्याद फेऱ्यांचे होते. खरा पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवरच चालतो, आणि आपल्या पुणे रस्त्यासारख्या ठिकाणी प्रत्येक नाका ओलांडणे ही एक स्वतंत्र फेरी धरली जाते. म्हणजे चार नाक्यांच्या हिशेबाने पुण्याला जाऊन येण्यात आठ फेऱ्या खर्च होतात आणि पास अशा २५ प्रवासांत संपतो. दुसरे आश्वासन असे, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गही या पासमध्ये येतात. हे दोन्ही मार्ग राज्याच्या यंत्रणेकडे असल्यामुळे तेथे हा पास चालत नाही.

पुढच्या वेळी सावळेश्वरला नेहमीप्रमाणे टोलची रक्कम कापल्याचा मेसेज आला, तेव्हा काकांनी पावतीवरील क्रमांकावर फोन केला. समोरचा माणूस अत्यंत अदबीने, शुद्ध मराठीत बोलत होता. केवायसी अपूर्ण असल्यामुळे पास अडकला आहे, असे सांगून त्याने व्हॉट्सॲपवर एक ॲपची फाइल पाठवली आणि ती टाकून घ्यायला लावली. त्या ॲपने मेसेज वाचण्याची परवानगी घेतली आणि संध्याकाळपर्यंत, काकांनी एकही ओटीपी कोणाला सांगितलेला नसताना, त्यांच्या बचत खात्यातून ४७,००० रुपये गेले. ओटीपी कोणाला सांगू नका, एवढी खबरदारी आता पुरत नाही. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप फोनमध्ये शिरले, की ते आपल्याला येणारे ओटीपी परस्पर ठगांकडे पोहोचवते.

काकांचा फोन आल्याबरोबर आम्ही त्यांच्या मोबाइलमधील सिम काढले, इंटरनेट बंद केले आणि माझ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर बँकेला लेखी कळवले आणि सोलापूरच्या सायबर पोलिसांकडे गेलो. तक्रार लवकर पोहोचल्यामुळे ठगांनी पैसे वळवलेल्या खात्यात पडून असलेली काही रक्कम गोठवली गेली; ती परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू आहे. पासचे म्हणून भरलेले ३,००० रुपये मात्र त्याआधीच काढून घेतले गेले होते. लवकर कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाच्या हातून गुप्त माहिती गेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेला सोसावे लागते. कळवण्यापूर्वीचे मात्र ग्राहकाच्या माथी येऊ शकते. त्यामुळे घरात चर्चा करण्यात गेलेला एक तासही महागात पडू शकतो. पैसे गेल्याच्या मेसेजमधील व्यवहार क्रमांक, ठगाचा मोबाइल क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि बनावट पावती यांपैकी काहीही पुसू नये, कारण तक्रारीत हीच माहिती विचारली जाते.

वार्षिक पास मिळण्याची अधिकृत ठिकाणे म्हणजे राजमार्गयात्रा हे ॲप आणि भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण व केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय यांची संकेतस्थळे. ॲप फोनमधील अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नये. पाससाठी नवा टॅग विकत घ्यावा लागत नाही. काचेवर लावलेल्या आणि गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेल्या चालू टॅगवरच तो सुरू होतो, त्यामुळे ‘पासचा खास टॅग’ घरपोच देतो म्हणणारा माणूसही ठगच समजावा. हा पास बिगरव्यावसायिक कार, जीप व व्हॅन यांच्यासाठीच आहे. टॅक्सी किंवा मालवाहू टेम्पोसाठी पास काढून देतो असे कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. टोल किंवा टॅगविषयी शंका आल्यास महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक १०३३ आहे, आणि टॅगच्या केवायसीसाठी टॅग देणाऱ्या बँकेच्याच ॲपमध्ये किंवा शाखेत जावे. पास खरोखर सुरू झाला की नाही, हे पावतीवरून ठरवू नये. राजमार्गयात्रा ॲपमध्ये आपल्या गाडीच्या क्रमांकासमोर पास चालू दिसतो का, ते नाक्यावर पोहोचण्यापूर्वीच पाहून घ्यावे.