घरबांधणीचे पुस्तक, प्रोग्रामरांसाठी

ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९७७ साली काढलेले पुस्तक वास्तुरचनेवरचे आहे. संगणकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही सॉफ्टवेअरमध्ये काही नवे घडवू पाहणाऱ्याने पदरचे पैसे घालून घ्यावीत अशा मोजक्या पुस्तकांत मी ते धरतो.

शहराच्या आखणीपासून घराच्या खिडकीपर्यंत उतरत जाणाऱ्या २५३ नोंदी यात आहेत; पुन्हा पुन्हा येणारी एक अडचण आणि तिच्यावरचा तोडगा अशा प्रत्येक नोंदीला लेखक ‘पॅटर्न’ म्हणतात. त्यांपैकी १६७ वी बाल्कनीची. सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी सहसा वापरलीच जात नाही, कारण लहानसे टेबल मध्ये ठेवून माणसांना ऐसपैस बसायला तेवढी जागा लागतेच, एवढाच तिचा मुद्दा. पण आपल्याकडच्या तीन-साडेतीन फुटी बाल्कन्यांत कपडे वाळवायचे स्टँड आणि रिकाम्या कुंड्याच का साचतात, याचा उलगडा तेथे होतो. दिलेली सोय आणि वापरली जाणारी सोय यांतला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणारे पान संगणकाच्या पुस्तकांत माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरांनी १९८७ मध्ये नोंदींची ही पद्धत प्रोग्रामिंगला लावून पाहिली, आणि अशाच नोंदी जमवण्यासाठी कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी, म्हणजे वाचकांनाच पाने लिहिता-बदलता येणारे संकेतस्थळ, उभारला. ‘डिझाइन पॅटर्न’, म्हणजे प्रोग्राम रचतानाच्या नेहमीच्या अडचणींवरचे ठरीव तोडगे, हा तर आता नोकरीच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न झाला आहे. या उसनवारीत नोंदीचा साचा आला, तारका मात्र मागेच राहिल्या. स्वतःला किती खात्री आहे त्यानुसार अलेक्झांडर नोंदीच्या नावापुढे दोन किंवा एक तारका देतात, आणि खात्री नसेल तेथे एकही देत नाहीत. हा प्रामाणिकपणा सारांश वाचून हाती लागत नाही. १९९६ मध्ये प्रोग्रामरांच्याच परिषदेत बोलताना, तुमच्या पॅटर्नमुळे माणसांचे जगणे सुधारते का, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता.

दोष आहेतच. इमारती चार मजल्यांपेक्षा उंच नसाव्यात, ही नोंद मुंबईकराला थट्टाच वाटेल, आणि काही ठिकाणी निव्वळ लेखकांची आवड नियमाच्या थाटात मांडलेली आहे. हजारावर पानांचा हा ठोकळा सलग वाचण्याच्या भानगडीत पडू नये. खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा असे सांगणाऱ्या १५९ व्या नोंदीपासून सुरुवात करावी आणि तिच्यात इतर नोंदींचे जे निर्देश आहेत त्यांच्यामागे जावे. सतत मागेपुढे पाने उलटावी लागत असल्याने छापील प्रतच सोयीची, पण ती महाग पडते, तेव्हा वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाल्यास आधी तेथे चाळून घ्यावी.