सोलापूरच्या माळासाठी सामान घेताना: 'हंटिंग'चा माल की साधा?

नोव्हेंबर लागला की सोलापुरात नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे बेत ठरू लागतात, आणि बेताच्या आधी खरेदी. ऑनलाइन दुकानात 'दुर्बीण' नाहीतर 'जंगल बूट' टाकून बघा, समोर येतो तो बराचसा माल 'हंटिंग'च्या शिक्क्याचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे. हा माल मात्र शिकाऱ्यांसाठीच घडवलेला, तोही थंड, ओल्या आणि दाट झाडीच्या मुलखातल्या. आपला माळ उघडा, कोरडा, धुळीचा. इथे नेमाने येणाऱ्या मंडळींच्या हातात हा माल कुठे कुठे दगा देतो, ते बघत आलोय. ज्यांचे पैसे अजून खिशातच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुर्बीण

सगळ्यात जास्त पैसे हिच्यात जातात आणि सगळ्यात जास्त हिरमोडही हीच करते. घेणाऱ्यासमोर साधारण तीन पर्याय असतात: १०-३०×५० अशी झूमवाली, १०×५० आणि ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, आणि खरेदीत तीच बघायची. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते. झूमवाली ३० पटीवर नेली की पावणेदोनसुद्धा भरत नाही. उजाडताना लांडगा बांधाच्या कडेने निघालेला असतो, तेव्हा आपल्या डोळ्याची बाहुली पाचेक मिलिमीटर उघडी असते आणि तिला मिळतो एवढासा झोत. लांडग्याच्या जागी करडा ठिपका दिसतो.

उन्हं चढल्यावर तरी झूम कामाला येईल म्हणावं, तर दहानंतर माळ तापतो आणि जमिनीलगतची हवा थरथरायला लागते. मृगजळ आठ पटीतही दिसतं, पण तीस पटीत त्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. हाताची थरथरही तितकीच पट वाढते. शिवाय दृश्य इतकं अरुंद होतं की गवताला लागून तरंगत जाणारा भोवत्या (शिकारी पक्षी) एकदा चौकटीबाहेर गेला की पुन्हा सापडणं मुश्किल. दोन-तीन हजारांत झूम मिळते, 'लांबचं दिसेल' या आशेने लोक घेतात, आणि पुढच्या हिवाळ्यात ती कपाटात असते. लालभडक चमकणाऱ्या भिंगांची दुर्बीणही अशीच. तो थर लाल प्रकाश बाहेरच परतवतो, त्यामुळे आतलं सगळं निळसर-हिरवट दिसतं. धाविक या माळावरच्या पाखराच्या डोक्यावरचा तांबूस रंग ओळखायचा तरी कसा?

१०×५० ला मी नावं ठेवणार नाही. हिप्परग्याच्या तलावावर काठाशी बसून पट्टकादंब (रानहंस) बघायचे असतील, उजनीवर रोहित (फ्लेमिंगो) मोजायचे असतील, तर ती छान आहे. पण वजन किलोच्या आसपास. गळ्यात अडकवून माळावर सकाळभर चालायचं तर मान भरून येते. म्हणून नान्नजसाठी माझं मत सरळ ८×४२. सात-आठ हजारांपासून बऱ्यापैकी मिळायला लागते. परवडत असेल तर आणखी थोडे घालून वॉटरप्रूफ घ्या. आपल्याकडे पाऊस कितीसा, असं वाटेल. पण पाणी शिरू न देणारी बंद बांधणी धूळही शिरू देत नाही, आणि इथे दुर्बिणी मरतात त्या धुळीने. फोकसचं चाक आधी करकरायला लागतं, मग अडकतं. चष्मा असेल तर 'आय रिलीफ', म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर आहे ना, ते बघा. नाहीतर दृश्याची फक्त मधली टिकली दिसते.

दुकानात एक परीक्षा जरूर घ्या. दूरच्या विजेच्या तारेवर दुर्बीण लावा, डोळे मिटा, उघडा. उघडताक्षणी दोन तारा दिसून मग त्यांची एक होत असेल तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. घरी आणल्यावर अर्ध्या तासात कपाळ ठणकेल. ती दुर्बीण परत द्या, दुसरी मागा.

बूट

इथे खरा परीक्षक म्हणजे कुसळी गवत. हिवाळ्यात ते पिकलं की त्याचं एक कुसळ हातात घेऊन बघा: टोकाला सुईसारखं बी, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दव किंवा घाम लागला की तो पीळ उलगडतो, शेपटी फिरते आणि बी गिरमिटासारखं आत घुसतं. जाळीचे हलके ट्रेकिंग शूज म्हणजे त्याला मोकळं रान. तासाभरात मोजे आतून टोचू लागतात आणि घरी गेल्यावर मोजे सरळ टाकूनच द्यावे लागतात. दुसरीकडे, 'हंटिंग बूट' म्हणून मिळणारे उंच, आतून पाणीरोधक अस्तर लावलेले जाड बूट. कुसळ त्यांतून जात नाही, हे खरं. पण ते दलदलीसाठी आहेत. सोलापूरच्या उन्हात पाय आतल्या आत शिजतात. त्यातले काही पॉलियुरेथेनच्या तळाचे असतात. हा तळ नुसता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत आतून कुजतो आणि एक दिवस चालता चालता तुकड्या-तुकड्यांनी गळून पडतो. वर्षातून चार वेळा बूट काढणाऱ्याच्या नशिबी हे हमखास येतं.

या दोघांपेक्षा आर्मी स्टोअरमधला कॅनव्हासचा घोट्यावर जाणारा बूट बरा. कापडाची वीण दाट, रबराचा तळ, किंमत कमी. विजार बुटात खोचा आणि नाडीवर कापडी पट्टी गुंडाळा. परतीच्या पावसानंतर शाळूच्या रानातून जायचं असेल तर तळाची नक्षी उथळ बघा. खोल खाचांत काळी माती भरते आणि पाय उचलवत नाही.

कपडे

हंटिंग कपड्यांचं ओकच्या पानांचं हिरवं-काळं छापील कापड पिवळ्या माळावर लांबून उठून दिसतं. वाळल्या गवताच्या रंगाचा साधा सुती सदरा त्याहून केव्हाही चांगला. काळविटाला तांबडा आणि नारिंगी नीट ओळखता येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे टिनोपॉल (कपड्याला निळसर चमक देणारी पूड) घालून धुतलेला खाकी सदरासुद्धा त्याच्या डोळ्याला उजळ दिसण्याची शक्यता असते. माळावरचे कपडे साध्या साबणाने धुवा. आणि हंटिंग जाकिटाचे वेल्क्रोचे खिसे! कळप शांत चरतोय, कॅमेऱ्याची बॅटरी काढायला कुणीतरी खिसा फर्रकन उघडतो आणि सगळ्या माना एकदम वर. बटणाचे खिसेच घ्या.

लेझरने अंतर मोजणारं यंत्र, रात्री बघायची स्वस्त दुर्बीण यांवर वेळ घालवू नका. पहिलं समोरच्या गवताचंच अंतर दाखवतं. दुसरीचा उपयोग नाही, कारण अभयारण्यात रात्री फिरायची मुभाच नसते. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीच्या नळीतला पहिला घोट उन्हात कढत येतो. कोरड्या हवेत कॅनव्हासची छागल पाणी गार ठेवते, गाडीच्या आरशाला अडकवा.

लपण-तंबू की गाडी

घडीचा लपण-तंबू शिकाऱ्यांच्या सामानातला, फोटोवाल्यांचाही लाडका. माळावर आडोसा नाही, त्यामुळे वाऱ्यात त्याचं कापड फडफडत राहतं, चेनमध्ये रेती अडकते आणि दुपारी आत बसवत नाही. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही, आणि माळढोकासारख्या जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या पाखराच्या मुलखात तो लावूच नये, असं मला मनापासून वाटतं. १९७९ साली हे अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते १,२२२ वर आलं. माळढोक आता दिसणंही दुरापास्त झालंय. उरलेल्या जागेत आपण आणखी एक अडथळा कशाला उभा करायचा? त्यापेक्षा परवानगीच्या रस्त्यावर गाडी बंद करून बसा. गाडीला काळविटं सरावलेली असतात, दार उघडून उतरणाऱ्या माणसाला नाही. गाडी थांबण्याआधीच काच खाली घ्या आणि दुर्बीण टेकवायला दारावर एक जुना टॉवेल टाका.